आपला दंड आपण

महाड-पोलादपूर भागात सपाट जागा दिसली की तिथे एकतर भात लावतात, नाहीतर कबड्डीचं मैदान आखतात. त्यामुळे गोल्फ मला कळला तो पुण्याच्या भाच्याकडून. चेंडू पाण्यात गेला, एक फटका दंड. हद्दीबाहेर गेला, एक फटका दंड आणि पुन्हा मूळ जागेवरून मारा.

"पण हे बघायला पंच कुठे असतो?"

"मामा, मोठ्या स्पर्धेत असतो, पण प्रत्येकाच्या मागे थोडाच फिरतो? आपला दंड आपणच सांगायचा."

आमच्याकडे पाय रेषेबाहेर गेला तर पंच शिट्टी वाजवतो आणि पंचाची नजर चुकली तर अर्धं गाव ओरडतं. ज्याचा पाय गेला तो मात्र रेषेकडे असा बघतो, की जणू रेषाच सरकली! तेव्हा मला काही खरं वाटेना. मग भाच्याने बॉबी जोन्स काढला. १९२५ची अमेरिकन ओपन. जोन्स फटक्याच्या तयारीत असताना गवतातला चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोडला. त्याने स्वतःला एक फटका दंड लावला, शेवटी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत गडी एका फटक्याने हरला. कौतुक करणाऱ्यांवर उलट वैतागला म्हणे. बँक लुटली नाही म्हणून कुणी माणसाची पाठ थोपटतं का! (२०१९पासून होलजवळच्या हिरवळीवर चेंडू चुकून हलला तर दंड माफ आहे. गवतातल्याला अजून नाही.)

परवा महाडहून पोलादपूरला निघालो. गाडीत इतकी गर्दी, की कंडक्टर माझ्यापर्यंत पोचलाच नाही. पोलादपूर आलं, मागच्यांनी ढकललं, मी उतरलो, गाडी गेली. पैसे मुठीतच. कुणी पाहिलं नव्हतं.

खरं सांगतो, पहिला विचार आला तो हा, की चूक गर्दीची. दुसरा, की आजवर सुट्ट्यांपायी सोडून दिलेले रुपये धरले तर उलट मलाच येणं निघतं. चहा पिता पिता हा हिशेब दोनदा केला. दोन्ही वेळा माझ्याच बाजूने लागला, म्हणूनच संशय आला.

परतीच्या गाडीत महाडची दोन तिकिटं मागितली.

"दुसरं माणूस?"

"मीच. सकाळी येताना काढायचं राहिलं."

"सकाळचं तिकीट सकाळच्या गाडीत, काका," म्हणत त्याने एकच हातात दिलं आणि पुढे सरकला.

ते पैसे अजून वरच्या खिशात वेगळे ठेवले आहेत. भाच्याला विचारायचंय, गोल्फमध्ये दंड घ्यायलाच कुणी तयार नसलं तर काय करतात?