सोबत चालून काय कळतं?

वारी मोजायची तर दिवेघाटाच्या माथ्यावर कॅमेरा लावला की झालं. डोकी मोजता येतात, वेगही काढता येतो. पण बस सोडून माणूस आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर पायी का जातो, हे कॅमेऱ्याला कोण सांगणार?

इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या. मानववंशशास्त्राची ही अभ्यासक वारीत रमली, आणि जेवणाच्या वेळी तिला दिसलं, की एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात. अभंग एकत्र, ताटं वेगळी! प्रश्नावलीत हे कुणी भरून दिलं नसतं. 'वाटचाल' या लेखात ते आहे.

पुढे २००६ मध्ये मिमी शेलर आणि जॉन अरी यांनी प्रवासाच्या अभ्यासाची नवी चौकट मांडली. संशोधकानेही माणसांसोबत हिंडावं, हा तिच्यातला एक मुद्दा. मराठीत ते आधीच झालं होतं. फक्त त्याला कुणी 'पद्धत' म्हटलं नव्हतं.

अडचण उरतेच. टाळ धरला की वही सुटते, वही धरली की ठेका चुकतो. विठ्ठल न मानणाऱ्याला वारी कळते, की नुसते पायाचे फोड?

पीएचडीच्या विद्यार्थ्याने निदान आळंदी ते पुणे हा एक टप्पा चालून यावं. तक्ते नंतर आखता येतील.