माझं नेट चालू होतं

मागच्या पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर खोदकाम करताना जेसीबीनं फायबरची केबल तोडली. अख्ख्या सोसायटीचं इंटरनेट गेलं. मला पत्ताच नाही. माझी मीटिंग दहा-पंधरा सेकंद अडखळली आणि पुढे सुरू झाली. तासाभरानं तळमजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. "तुझं नेट चालू आहे का रे?"

चालू होतं, कारण दोन महिन्यांपूर्वी मी बॅकअप बसवला होता. राउटरला एकीकडे फायबर, दुसरीकडे 4जी सिमचं डोंगल. राउटर दर काही सेकंदांनी बाहेरच्या एका पत्त्याला पिंग करतो. लागोपाठ काही वेळा उत्तर आलं नाही की सगळा डेटा सिमवरून जायला लागतो. सिम मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं घेतलं, नाहीतर दोन्ही एकदमच झोपायची. राउटरला छोटा यूपीएस लावला. मग स्वतःच वायर उपटून चाचणी घेतली, आणि भारी वाटलं.

काकूंच्या मुलीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. तळमजल्यावर मोबाइलची रेंज धड येत नाही. मी "हो, चालू आहे" म्हणालो, आणि तिथेच थांबलो. डोक्यात दिवसाचा 2 जीबीचा हिशोब सुरू झाला होता. काकूंना तो चेहऱ्यावर दिसला असावा. "राहू दे, बघतो आम्ही काहीतरी," म्हणून त्या उतरल्या. पाच मिनिटांनी मी खाली गेलो, तोवर मुलगी रिक्षानं मैत्रिणीकडे निघाली होती.

पासवर्ड द्यायला कचरलो, ही माझी चूक उघड आहे. मला जास्त टोचतं ते वेगळंच: त्या तासाभरात मी साधी तक्रारही नोंदवली नव्हती. माझं काही अडलंच नव्हतं ना!

आपल्याकडे हे आधीही झालंय. लोडशेडिंगच्या काळात ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आला, त्यांच्यापुरता अंधार संपला आणि विजेबद्दलची ओरडही संपली. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञानं 1970 साली 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या पुस्तकात हीच गोष्ट मांडली. एखादी सेवा ढासळते तेव्हा दोन वाटा असतात: बाहेर पडा किंवा आवाज उठवा. ज्यांच्या आवाजाला वजन असतं, त्यांनाच बऱ्याचदा बाहेर पडणं सोपं असतं. ते गेले की मागे उरलेल्यांचं ऐकणारं कोणी राहत नाही.

मग बॅकअप घेऊच नये? तसं मला वाटत नाही. घरून काम करणाऱ्याची नोकरी एका वायरवर लटकलेली असते. मी अंधारात बसून शेजाऱ्याकडे उजेड पडत नाही.

पण बॅकअप 'माझा' असतो, हेही अर्धसत्यच. सिमला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, आणि पुष्कळदा त्याच्याही मागे एक फायबर असते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा विजेचे खांब पडले आणि मोबाइलचं नेटवर्कही गेलं. तिथे कितीही सिम असून काय उपयोग होता? सगळ्यांचं सावरल्याशिवाय कुणा एकाचं सावरणार नव्हतं.

आता मी राउटरवर गेस्ट नेटवर्क सुरू केलंय, स्पीडला मर्यादा घालून. पासवर्ड काकूंकडे आहे. आणि डेटा सिमवरून जायला लागला की फोनवर नोटिफिकेशन येतं. ते आलं की सगळ्यात आधी तक्रार नोंदवतो, मीटिंग नंतर.