सोडणे आणि सोपवणे



आपल्याही घरात एखादी वस्तू असेल, जिला दुसऱ्याचा हात लागलेला आपल्याला खपत नाही. माझ्याकडे ती जुनी चेतक स्कूटर आहे. 1972 पासून ही गाडी बाजारात आली आणि नंबर लावून लोक तिची वर्षानुवर्षे वाट पाहू लागले. माझी आली तेव्हा हार घातला, पेढे वाटले. पुढे कार्बोरेटर साफ करणे, प्लग घासणे, क्लचची केबल बदलणे, सायलेन्सर तापवून आतला कार्बन झाडणे, सगळे मीच केले. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते. तेव्हा पायाशी भाकरीची टोपली ठेवून मी हिच्यावरूनच दिंड्यांपर्यंत जायचो. मनात म्हणायचो, ही माझ्या हातची गाडी, दुसऱ्याला ती कळायची नाही.

मग हात कापू लागले. गेल्या वर्षी मागच्या ब्रेकच्या केबलचा नट माझ्याकडून नीट आवळला गेला नाही. उतारावर ब्रेक लागेना. मागे घरची मंडळी बसलेली. गिअर उतरवत कशीबशी गाडी थांबवली. दोष गाडीचा नव्हता. तरी घरी येऊन मी म्हणालो, "भंगारात घालतो ही!"

या रागाला मी काही दिवस वैराग्य समजत होतो. पण माझ्याने होत नाही तर कुणाचीच नको, ही विरक्ती कसली? वैराग्याचा वेष घेतलेली ममताच ती.

सप्ताहात आपण वीण्याचा पहारा केला असेल. वीणा खाली ठेवायचा नाही. आपला पहारा संपला की तो पुढच्याच्या गळ्यात घालायचा, एकमेकांच्या पाया पडायचे आणि बाजूला व्हायचे. वीणा टाकून जाणारा विणेकरी नव्हे, तसा पहारा संपल्यावर गळ्यातून न काढणाराही नव्हे. सोडणे वेगळे, सोपवणे वेगळे.

माझ्या नातीने आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतले आहे. पान्यांची पेटी तिच्या हाती दिली. पहिल्याच दिवशी शेजारी स्टूल टाकून माझे "असे नको, तसे कर" सुरू झाले. तिने पाना खाली ठेवला आणि विचारले, "आबा, मला दिलंय ना?" मी गप्प झालो. पेटी दिली होती, अधिकार दिला नव्हता.

मग शिकवूच नये का? जरूर शिकवावे. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे, सकाळी गाडी कलती करून किक कशी मारायची, हे न सांगता गेलो तर ते आपल्याबरोबरच जाईल. जिवाला धोका दिसला तर न विचारताही बोलावे. एरवी विचारल्यावर सांगणे ही सेवा, न विचारता हात धरणे ही मालकी.

तिने ब्रेक बसवला. माझ्यापेक्षा चांगला लागला. हे तिला सांगायला मला चार दिवस लागले. तेवढी ममता अजून उरली आहे.

माउली, आपल्या गळ्यातही कसला ना कसला वीणा असेलच. पुढचा पहारा कुणाचा, हे हात कापण्याआधीच ठरवावे.

यंदा भाकरीची टोपली नातीच्या पायाशी होती. मी मागे बसलो होतो.