ऐकत नसलेला ड्रमर

घरी गिटार रेकॉर्ड करताना माझ्यासोबत जो ड्रमर असतो, तो रात्री दीड वाजता विसावा टेक घ्यायला लावला तरी चिडत नाही. कारण तो नसतोच. लॅपटॉपवर चौकटी भरल्या की किक, स्नेअर, हायहॅट वाजू लागतात. बेसचे स्वरही तसेच माउसने मांडायचे. मग हेडफोन लावून त्यांच्यावर आपली गिटार.

अशा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्युमनाइझ’ नावाची सोय असते. ती प्रत्येक ठोका काही मिलिसेकंद मागेपुढे सरकवते, जोर थोडा कमीजास्त करते. १२० च्या टेम्पोत दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. त्यात आठ-दहाचा फरक पडला की माणूस वाजवतोय असं वाटायला लागतं. ही ऐकणाऱ्याची फसवणूक आहे का?

मला वाटतं, त्याआधी आपण स्वतःचीच एक गैरसमजूत करून घेतो. माणूसपण म्हणजे थोडीशी चूक, असं ही सोय गृहीत धरते. पण चांगल्या ड्रमरचा ठोका उगाच उशिरा पडत नाही. गिटार एका स्वरावर रेंगाळली हे त्याने ऐकलेलं असतं, म्हणून तो थांबतो. गायक समेवर कसा येणार हे ओळखून तबलजी ठेका सैल सोडतो किंवा आवळतो. ते उत्तर असतं. सॉफ्टवेअर फक्त फासे टाकतं. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये हरवतं ते हे: आपल्याला कुणीतरी ऐकत असणं.

मग यंत्राची साथ घेणंच खोटं का? नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुराही आपलं ऐकत नाही, तरी त्यावर रियाज करणाऱ्याला कुणी खोटं म्हणत नाही. तो माणूस असल्याचा आव आणत नाही.

एकट्या गिटारवाल्याला बेसची सोबत मिळावी म्हणून रोलँड कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ हे यंत्र काढलं. बेस गिटारची नक्कल म्हणून ते फसलं आणि काही वर्षांत बंद झालं. पण हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये तेच यंत्र, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि एक सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. यंत्राचा यंत्रपणा त्यांनी लपवला नाही. पुढे शिकागोत तरुणांनी त्याच ३०३ ची बटणं फिरवून अ‍ॅसिड हाउस घडवलं. नक्कल म्हणून कुणाला न पटलेला आवाज स्वतःच्या रूपात लोकांनी मनापासून ऐकला.

म्हणून मी ‘ह्युमनाइझ’ बंद ठेवतो आणि गाण्याखाली ‘ड्रम्स, बेस: प्रोग्राम केलेले’ असं लिहितो. एवढा प्रामाणिकपणा सोपा आहे. अवघड गोष्ट दुसरी. दुसरं कडवं लांबलंय, ही सोलो कशाला, असं हा ड्रमर कधीच म्हणत नाही. कायम होकार देणाऱ्या सोबतीची सवय लागते, आणि मग खऱ्या माणसाचा नकार अपमान वाटू लागतो. त्यामुळे गाणं पक्कं करण्याआधी मी ते एकदा तरी दुसऱ्या वाजवणाऱ्यासोबत, त्याच खोलीत, क्लिक न लावता वाजवून बघतो. तो जिथे अडतो, तिथे बहुतेकदा गाणंच अडलेलं असतं.