यजमानाचे माप

ज्याच्यासाठी घर सजवायचे त्याला आधी नीट ओळखावे, हा अंतर्गत सजावटीच्या व्यवसायातील पहिला नियम होय. त्यासाठी भेटीगाठी, प्रश्नावली, जागेची पाहणी, जुन्या घरातील सामानाची यादी अशी पद्धतही रूढ झाली आहे; परंतु एका माणसाला दुसऱ्याचे मन कितपत कळू शकते, हा त्या पद्धतीच्या मुळाशी असलेला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि तो प्रश्नावली लांबवून सुटणारा नाही.

शुल्बसूत्रे, म्हणजे यज्ञवेदीची मापे आणि भूमिती सांगणारे वैदिक ग्रंथ, या बाबतीत मोठी सावध भूमिका घेतात. अग्निचयनात, म्हणजे विटांची वेदी रचण्याच्या विधीत, ‘पुरुष’ हे लांबीचे एकक वापरले जाते. यजमान दोन्ही हात वर करून उभा राहिला असता तळपायापासून बोटांच्या टोकापर्यंत जी उंची भरते ती एक पुरुष, आणि तिचे 120 अंगुळे मानलेले आहेत. पहिल्या चयनाची वेदी साडेसात चौरस पुरुषांची असल्यामुळे उंच यजमानाची वेदी मोठी आणि ठेंगण्याची लहान होते. वेदीचे माप ठरवताना यजमानाची आवड विचारलेली नाही. त्याला उभे करून मोजलेले आहे. मनाविषयी काहीही गृहीत न धरता शरीराला प्रमाण मानण्याची ही रीत आजच्या सजावटकारालाही उपयोगी पडते, कारण सर्वांत वरची फळी हात वर केल्यावर पोहोचेल इतकीच उंच असावी लागते आणि स्वयंपाकाचा ओटा कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असला तरच पोळ्या लाटताना खांदे भरून येत नाहीत. मात्र वेदीला एकच यजमान असतो, घराला तसे नसते. चर्चेला बसणारा कर्ता पुरुष आणि रोज ओट्यापाशी उभी राहणारी सून यांच्या उंचीत वीतभर अंतर असू शकते, आणि माप पहिल्याचे घेतले गेले तर त्याचा त्रास दुसरीला वर्षानुवर्षे भोगावा लागतो.

शरीर मोजून झाले तरी मन उरतेच. पतंजलींच्या योगसूत्रांतील तिसऱ्या पादात परचित्तज्ञानाचा, म्हणजे दुसऱ्याच्या चित्ताच्या ज्ञानाचा, विचार आला आहे, आणि तेथे लगेच त्या ज्ञानाची मर्यादाही घातली आहे. व्यासभाष्याच्या स्पष्टीकरणानुसार दुसऱ्याचे चित्त अनुरक्त आहे एवढे योग्याला कळते. ते कशावर अनुरक्त आहे, म्हणजे त्या वृत्तीचे आलंबन कोणते, हे मात्र त्यातून कळत नाही. सिद्धी मिळवलेल्या योग्यालाही जेथे थांबावे लागते, तेथे दोन-तीन बैठकांत ग्राहक ‘समजला’ असे म्हणणे धाडसाचे आहे.

भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावात ही मर्यादा ठळकपणे दिसते. खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड अशा जागेत लहानाचा मोठा झालेला माणूस नव्या सदनिकेसाठी ‘घर शांत हवे’ असे सांगतो, तेव्हा शांततेची ओढ सजावटकाराला कळते. पण ती धोट्याच्या खडखडाटापासून हवी आहे, सुताच्या तंतूंनी भरलेल्या हवेपासून, की सतत राबता असलेल्या एकत्र कुटुंबापासून, हे त्या शब्दांत नसते. जाड पडदे लावून पहिली शांतता काही अंशीच मिळेल. तिसरीसाठी आतून कडी लागणारी एक लहान खोली लागेल.

दिशांच्या बाबतीत हे आणखी अवघड होते. उत्तर प्रदेशातून आलेली मोमीन विणकर कुटुंबे, तेलंगणातील पद्मशाली, कोकणी मुसलमान आणि आगरी असे अनेक समाज या एका गावात नांदतात. एका घरात किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, साधारण पश्चिमेला येत असल्याने शौचालयातील बैठक तिकडे तोंड किंवा पाठ करून नको असते. दुसऱ्या घरात देवघर ईशान्येला आणि चूल आग्नेयेला हवी असते. सजावटकार हे नियम पाठ करतो आणि ग्राहकाची श्रद्धा आपल्याला कळली असे समजतो. प्रत्यक्षात एकच नियम कोणी उपासनेपोटी पाळतो, कोणी अरिष्टाच्या भीतीने, कोणी आईच्या समाधानासाठी. भीतीने पाळणाऱ्याला इंचाचाही फरक अस्वस्थ करील, तर आईसाठी पाळणाऱ्याच्या घरी देवघराच्या दिशेपेक्षा तिला गुडघे न दुमडता पूजेला बसता येते की नाही हे अधिक महत्त्वाचे ठरेल. हा भेद प्रश्नाच्या उत्तरातून क्वचितच कळतो; जुन्या घरात तासभर बसून, कोण कोठे बसते आणि कोणाला जागा करून द्यावी लागते हे पाहिल्यावर त्याचा अंदाज येतो. तोही अंदाजच, म्हणून भिंतीत कायमचे ठोकलेले फर्निचर जितके कमी, तितका चुकीच्या अनुमानाचा भार ग्राहकावर कमी पडतो.

या विचारातून एक वर्ग नेहमीच बाहेर राहतो. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारे परगावचे कामगार एकेका खोलीत अनेकजण राहतात आणि दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागी रातपाळीचा येऊन झोपतो. खोली मालकाची, वास्तव्य कामगारांचे. त्यामुळे यजमान म्हणून त्यांना कोणीच उभे करून मोजत नाही. ग्राहकाला ओळखण्याची कला केवळ पैसे मोजणाऱ्यापुरती राहावी, याला शास्त्राचा कोणताही आधार नाही. दिवसा झोपणाऱ्यासाठी खिडकीला काळोख करणारी झडप आणि प्रत्येकाला कुलूप लावता येईल असा एक कप्पा, एवढे ठरवायलाही आधी त्यांच्यापैकी कोणाला तरी विचारावे लागेल.