नशिबाच्या नावावर

तासगावकडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसू लागतात, पण त्यांचा निकाल लागलेला असतो तो आधीच्या मे-जूनमध्येच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात घडनिर्मिती होते. त्या दिवसांत ढगाळ हवा राहिली, ऊन पुरेसं मिळालं नाही, की पुढं घड जिरतात, नुसता पाला वाढतो. त्यातून वाचलेल्या मालावर अवकाळी पाऊस आणि दावण्या रोग टपलेलेच. इथला शेतकरी 'नशीब' म्हणतो ते उगाच नव्हे. पण पाऊस उघडला की तोच माणूस रात्रीसुद्धा बॅटरी घेऊन औषध मारायला बागेत शिरतो.

सगळं नशिबावर सोडलं की माणूस बिघडतो का? इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे असा उतारा वाचायला दिलेले विद्यार्थी नंतरच्या गणिताच्या चाचणीत जास्त फसवणूक करतात, असं व्होज आणि स्कूलर या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. पुढं इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. एक उतारा वाचून माणसाची नीत फिरत नसते. नशिबाचं नाव कोणत्या वेळी आणि कुणासाठी काढलं जातं, हे पाहायला हवं.

माल गेला की काही बागायतदार विरळणीच्या टोळीला सांगतात, "आमच्याच नशिबात नाही, तुम्हाला कुठनं देऊ?" पाऊस पडला हे खरं. पण बायकांनी दिवसभर हात वर करून एकेक घड विरळला, ते काम पावसाआधीच झालेलं असतं. त्यांची मजुरी ढगांनी नेलेली नाही. नशीब मानलं तरी जबाबदारी उरतेच. टिळकांनी 'गीतारहस्या'त कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ, आणि आत्मस्वातंत्र्य एकाच प्रकरणात घेतले, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं.

उलट बाजूही तितकीच कठोर आहे. सगळं माणसाच्या हातात असतं असं मानणारा गाव बुडालेल्या माणसाला चटकन आळशी ठरवतो. सोसायटीचं कर्ज थकलेला बागायतदार मग चारचौघांत यायचं टाळतो. त्याच्या घरी जाऊन, पाऊस तुझ्या हातात नव्हता, हे कुणीतरी बोललंच पाहिजे. टोळीच्या राहिलेल्या पैशांचं काय करायचं, हेही त्याच बैठकीत विचारावं.