उंदराचा जनुक, माशीचा डोळा

आळंदीला माउलींच्या समाधीपुढे माथा टेकणाऱ्या वारकऱ्याला सर्वांभूती एकच तत्त्व आहे, हे वेगळे पटवावे लागत नाही. जीवशास्त्र पुरावा मागते. १९९५ मध्ये असा एक पुरावा फळमाशीच्या पायावर उगवला.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेने ‘आयलेस’ हा डोळा घडवणारा जनुक माशीच्या भलत्याच अवयवांत चालू केला. पायांवर, पंखांवर, शृंगिकांवर लाल डोळे फुटले. मग त्याच्या जागी उंदरातला त्याचाच जोडीदार, ‘पॅक्स६’ जनुक वापरला, तरी डोळा उगवला तो माशीचाच, बारीक बारीक नेत्रिकांनी भरलेला! हा जनुक हुकूम सोडतो. तो पाळणारे पुढचे जनुक माशीचे, म्हणून घडणही माशीची. माणसात याच जनुकाची एक प्रत बिघडली, तर डोळ्यातला रंगीत पडदा नीट तयार होत नाही.

मग अद्वैत सिद्ध झाले का?

नाही. समान जनुक समान पूर्वजाची साक्ष देतो, चैतन्याची नव्हे. पण ज्ञानदेवांनी ‘अनुभवामृता’त जग खोटे म्हणून झटकले नाही, चैतन्याचा विलास मानले. त्या दृष्टीला माशीचा डोळा क्षुद्र वाटण्याचे कारण नाही. पुण्यात पाषाणच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेतही फळमाशीच्या जनुकांवर संशोधन चालते. आळंदीच्या कीर्तनकारांनी एकदा तिथे जरूर जावे.